सव्वीस सोमवार

आमच्या गल्लीत सुट्टी सोमवारी असते. मोटार वायंडिंगवाले, लेथवाले, वेल्डिंगवाले, सगळ्यांची शटरं सोमवारी खाली. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला विचारू नका. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हापासून असंच आहे. एके काळी या भागात सोमवारी वीज बंद ठेवायचे, तिथून पडलेली सवय, असं आमचे मालक सांगतात. वीज आता सोमवारीही असते, सवय काही गेली नाही. आणि रविवारी दुकान बंद ठेवून चालणारही नाही. गावाकडच्या घरातला नोकरीवाला माणूस रविवारीच मोकळा असतो. तो जळलेली मोटार टेम्पोत टाकून आणतो, दारात उतरवतो आणि 'कधी देताय?' म्हणून डोक्यावर बसतो. रविवारी मला दुपारचा घास सुखानं मिळत नाही. सोमवारी धुणं, बँक, दवाखाना आणि उरलाच वेळ तर झोप.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यावरच अडलं.

दुकान मालकांचं. मालक म्हणजे माझा नवरा, गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते. मी काम शिकले ते त्यांच्यासमोर बसून. बोअरमध्ये नाहीतर नदीत सोडायच्या सबमर्सिबल मोटारीची तार हातानं ओवावी लागते. लांबोळक्या पोलादी नळकांड्याच्या आत खाचा असतात. एका बाजूनं एकानं तार सारायची, दुसऱ्या बाजूनं दुसऱ्यानं ओढायची. एकट्याचं काम नाही. आमचा गडी एकदा न सांगता पुण्याला निघून गेला, तेव्हा मालक मला म्हणाले, 'बस जरा समोर, आजच्या दिवस.' तो आजचा दिवस तीस वर्षं चालला.

दोन-तीन वर्षांपूर्वी मालकांच्या हाताला कंप सुटला. कप बशीवर वाजतो, तिथं तार खाचेत काय जाणार? ते खुर्चीवर बसून सूचना करायला लागले. माझ्या वाट्याला गुडघे, पाठ आणि त्यांच्या सूचना. समोर बसायला माणूस मिळेना. नवीन कुणी आलं तर आठ दिवस टिकायचं. तारेनं बोटं कापली की दुसऱ्या दिवशी पत्ता नाही. त्यांना तरी काय बोलू? शिकेपर्यंत हातात काही पडत नाही, आणि शिकाऊ माणसाला पोसायची माझ्या दुकानाची ताकद नाही.

सरकारी योजनेचं मला समोरच्या लेथवाल्या भाऊजींनी सांगितलं. सरकार माणूस पाठवतं, तो सहा महिने तुमच्याकडं काम शिकतो, त्याचं विद्यावेतन परस्पर त्याच्या खात्यात जातं आणि शेवटी त्याला प्रमाणपत्र मिळतं. आपण शिकवायचं आणि रोज फोनवर त्याची हजेरी लावायची, बस्स.

'घ्या की वहिनी,' भाऊजी म्हणाले, 'फुकट ते पौष्टिक.'

नोंदणी करण्यात माझे दोन सोमवार गेले. पाटीचा फोटो, वीजबिल, आधार, माझा फोटो. माझा फोटो तीनदा नाकारला, कशासाठी ते देव जाणे. शेवटी भाचीच्या लग्नातला, नथीसकट, चढवला. तो बरा चालला.

डिसेंबरात माणूस आला. माणूस म्हणजे बाई. चौतीस वर्षांची, राधानगरीच्याही पुढच्या एका गावातली, बारावी झालेली. नवरा दुधाच्या गाडीवर, मुलगी सातवीत. मी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सरळ विचारलं, 'शिवणकाम, पार्लर, काय काय असतंय यादीत. हिकडं तेलावार्निशात मरायला कशाला आलीस गं?'

ती म्हणाली, 'काकी, आमच्या पट्ट्यात चार गावांच्या मोटारी नदीवर हाईत. एक जळली की कोल्हापूरला आणायची. जायचा दिवस, यायचा दिवस, मधी तुमचं चार दिवस. तवर ऊस करपतो. तितं एक बी वायंडिंगवाला न्हाय.'

मग तिनं पुढचं सांगितलं. ग्रामपंचायतीनं बाजारपट्टीत गाळे बांधले होते. त्यातला एक, काहीतरी काम शिकलेल्या बाईसाठी राखून ठेवला होता. जूनमध्ये अर्ज, आणि अर्जाला प्रशिक्षणाचं सरकारी प्रमाणपत्र जोडायचं. 'मला काम बी पायजे आणि त्यो कागद बी पायजे. औंदा जमलं तर जमलं. पस्तीस पुरी झाली की योजनेत घेत न्हाईत.'

मी कागदावर कधी विश्वास ठेवला नाही. तीस वर्षं मोटारी बांधल्या, कुणी दाखला विचारला नाही. मोटार पाण्यात सोडायची, फिरली की तोच दाखला. मी तिला म्हटलं, 'आधी काम शिक. कागद काय, पाठोपाठ येतोय.'

असं बोलले होते मी.

मालकांनी मला शिकवलं तसंच मी तिला शिकवायला घेतलं. पहिला महिना नवीन तारेला हात लावायचा नाही. जळलेलं वायंडिंग खाचेतून ओढून काढायचं आणि कुठल्या खाचेत तारेचे किती फेरे होते ते मोजून सांगायचं. जळलेली मोटारच सांगते तिच्यात किती फेरे भरायचे ते, दुसरं पुस्तक आमच्याकडं नाही. आणि मालकांचा एक नियम होता, तो मी तिला पहिल्याच दिवशी ऐकवला. फेरा कमी पडला तर कमी पडला म्हणून सांगायचं. पुरा झाला म्हणून दडपायचं नाही. कमी फेऱ्याची मोटार फिरते, पण तापते आणि महिन्याभरात पुन्हा दारात येते. तेव्हा गिऱ्हाईक मिस्त्रीच्या सात पिढ्या काढतं.

पहिले चार दिवस तिचा आकडा रोज चुकायचा. त्यात माझं तोंड. मी एकदा ओरडायला लागले की समोरच्याला एक ते दहाही आठवत नाहीत, असं मालकच म्हणतात. पाचव्या दिवशी तिनं घरून डबाभर चिंचोके आणले. दहा फेरे झाले की एक चिंचोका या डब्यातून त्या झाकणात. मला हसूच फुटलं. 'वायंडिंग शिकतीयास का सारीपाट खेळतीयास?' पण त्या दिवसापासून तिचा आकडा चुकला नाही. आठवड्याभरात मीसुद्धा चिंचोके सरकवायला लागले. खुर्चीवरून मालक म्हणाले, 'गुरूपेक्षा चेला शाना निघाला.' मी म्हटलं, 'गप बसा.' खरं तर मला बरं वाटलं होतं. कितीतरी दिवसांनी दुकानात कुणीतरी डोकं लावून काम करत होतं.

आता हजेरीचं.

फोनवर महिन्याचे दिवस चौकोनात दिसायचे. आजच्या चौकोनावर बोट ठेवायचं, 'हजर' दाबायचं, झालं. पहिल्या रविवारी बोट ठेवलं तर चौकोन हलेना. रविवार सगळे करडे, बंद. सरकारच्या हिशेबी रविवारी सुट्टी. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चौकोन उघडा. पण सोमवारी आमचं शटर खाली आणि ती तिच्या गावी. मी दाबलं 'गैरहजर'.

भाऊजींनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. 'वहिनी, काय करताय? सोमवारी हजर दाबा आणि मोकळं व्हा की. रविवारी आली ती सोमवारी आली. सारी गल्ली तसंच करतीया.'

'सारी गल्ली करू दे,' मी म्हटलं. 'माणूस दुकानात न्हाय आणि मी हजर लिहू व्हय?'

माझ्याकडं शंभर पानी वही होती. त्यात मी रोजची तारीख, यायची वेळ, जायची वेळ लिहायची आणि तिची सही घ्यायची. रविवारसुद्धा. मला वाटलं, उद्या कुणी विचारलंच तर वही पुढं करू. माझी वही खरी आहे, मग कशाला घाबरायचं?

दुसऱ्या महिन्यात तिनंच विषय काढला. तार सारता सारता, माझ्याकडं न बघता. 'काकी, रागावू नका. सोमवारी हजर दाबलं तर? मी रविवारी येतोच की.'

मी हातातली तार खाली ठेवली. 'खोटं शिकाय आलीयास का वायंडिंग शिकाय आलीयास?'

तिनं मान खाली घातली. झाकणातला एक चिंचोका उगाच हलवला, परत जागेवर ठेवला. पुन्हा त्या सहा महिन्यांत तिनं हा विषय काढला नाही. मला वाटलं, बाईला पटलं.

रविवारी तिच्या गावाहून सकाळची एसटी नसायची. ती फाट्यापर्यंत चालत यायची, तिथून मिळेल ती वडापची जीप, दाटीवाटीनं. नऊच्या ठोक्याला दुकानात. एका रविवारी मुलीला ताप होता, तर तिलाच घेऊन आली. वार्निशच्या वासात ती पोर कोपऱ्यात पोत्यावर झोपली आणि आई इकडं फेरे मोजत बसली. मी म्हटलं, 'आजच्या दिवस राहायचं होतंस.' तर म्हणाली, 'आज तीन मोटारी उतरणार हुत्या न्हवं?'

चौथ्या महिन्यात तिनं पहिली मोटार सगळी तिच्या डोक्यानं बांधली. मी फक्त समोर बसून तार ओढली, तोंड उघडलं नाही. मोटार बिद्रीकडच्या एका उसवाल्याची. तो दारात उभा राहून बघत होता, त्याला कळलं तसा उखडला. 'ही शिकाऊ बाई बांधणार? माझी मोटार हाय का प्रयोगशाळा?'

मी म्हटलं, 'पावणं, मीबी बाईच हाय. आजवर तुमच्या चार मोटारी कुणी बांधल्या, त्या मिशावाल्या मिस्त्रीनं व्हय?'

मालक खुर्चीत हसले. मोटार पाण्याच्या टाकीत सोडली, मीटर लावलं, बटण दाबलं. जरासुद्धा गुरगुर नाही. दोन आठवड्यांनी तोच माणूस काकवीची किटली घेऊन आला, आणि ती त्यानं माझ्या हातात दिली नाही, तिच्या हातात दिली. मला त्याचा जरा राग आला आणि जास्त आनंद झाला. सरकारचं वाईट बोलणार नाही मी. ती योजना नसती तर ही बाई माझ्या उंबऱ्याला आली नसती, आणि मालकांनी दिलेली विद्या माझ्या हातातच सुकून गेली असती.

मे संपला. तिचे सहा महिने भरले. प्रमाणपत्र फोनवरच येणार होतं. आलं ते एक वाक्य आलं. हजेरी अपुरी असल्यानं प्रशिक्षणार्थी प्रमाणपत्रास पात्र नाही.

मी वही पिशवीत घातली आणि तिला घेऊन कार्यालयात गेले. भांडायचं ठरवूनच गेले होते. रिक्षात मनातल्या मनात चार वाक्यं घासून ठेवली होती. दुसऱ्या मजल्यावर एका टेबलाशी पंचविशीतली मुलगी बसली होती. तिनं वही घेतली आणि खरंच, पानन् पान वाचली. इतक्या नीट ती वही कुणी वाचेल असं मला वाटलं नव्हतं.

'काकू, मला कळतंय,' ती म्हणाली. 'पण रविवार यात भरताच येत नाही. आणि महिना संपला की सोमवार बदलता येत नाही. तुम्ही त्याच दिवशी हजर लावलं असतं तर काहीच अडलं नसतं. विद्यावेतन पण दर महिन्याला कापलं गेलंय त्यामुळं.'

मी शेजारी बघितलं. 'कापून येत होतं? आणि बोलली न्हाईस मला?'

ती जमिनीकडं बघत म्हणाली, 'तुमी रागावला असता.'

मी टेबलामागच्या मुलीला म्हटलं, 'साहेबांना भेटव मला.' साहेब दौऱ्यावर होते. 'मग तू कोण हाईस इथली?'

'मी पण त्याच योजनेतली प्रशिक्षणार्थी आहे काकू,' ती म्हणाली. 'माझे सहा महिने या शुक्रवारी संपतात.'

'आणि मग?'

'बघू.'

आता हिच्याशी काय भांडायचं? घासून ठेवलेली चारी वाक्यं तशीच घेऊन मी जिना उतरले. खाली पायरीवर आम्ही दोघी बसलो. मला खूप थकल्यासारखं झालं होतं. मोजून सव्वीस सोमवार होते. सव्वीसच्या सव्वीस मी माझ्या बोटानं गैरहजर केले होते.

ती हसली. खोटं नाही, हसलीच. म्हणाली, 'काकी, सोळा सोमवार धरलं असतं तर देव तरी पावला असता.'

मी म्हटलं, 'चुकलं गं माझं.'

'ऱ्हाऊ द्या काकी. तुमी खरं लिवलं.'

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. ती मनापासून म्हणत होती.

दुकानात येऊन मी दुकानाच्या छापील कागदावर माझ्या अक्षरात लिहून दिलं, की ही बाई सहा महिने माझ्याकडं वायंडिंग शिकली, हिनं बांधलेली एकही मोटार परत आली नाही. खाली सही, दुकानाचा शिक्का. मालकांनीही थरथरत्या हातानं सही केली. ती वाचण्यासारखी नव्हती, पण केली. कागद घेऊन ती ग्रामपंचायतीत गेली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. 'काकी, तुमी कुठनं शिकला त्याचा दाखला मागत्यात.'

माझा दाखला! तो तर समोर खुर्चीवर बसला होता, बशीत चहा सांडत.

गाळा पार्लरवाल्या एका बाईला मिळाला. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिनं कोर्स केला होता, तिच्याकडं कागद होता. तिच्या कोर्सची सुट्टी रविवारी असणार.

माझ्याकडच्या तिच्या शेवटच्या दिवशी ती चिंचोक्यांचा डबा न्यायला विसरली, म्हणून मी तिला हाक मारली. ती म्हणाली, 'चिंचोके ऱ्हाऊ देत, दुकानाला लागतील. येतो काकी.' आणि पाया पडली. मला पाया पडलेलं आवडत नाही, मी नेहमी ओरडते. त्या दिवशी ओरडायला तोंड नव्हतं.

आता ती गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट तपासायला जाते. पस्तीस केव्हाच पुरी झाली. गाळ्याशिवाय मोटारी कुठं उतरवणार, भिजत्या अंगणात? आणि समोर बसून तार ओढायला कोण? मी फोन केला की बोलते, हसते, मालकांची चौकशी करते. मागच्या वेळी सहज म्हणाली, 'काकी, बोटांची कातडी पुन्हा मऊ झाली बघा.' त्याच महिन्यात तिच्या गावची एक मोटार माझ्याच दारात उतरली. आणणारा म्हणाला, जवळपास कुणी बांधणारा न्हाय हो, जायचा-यायचा दोन दिवसांचा खेळ होतो. मी म्हटलं, 'ठाऊक हाय मला.'

भाऊजींनी फार मागं लागून माझ्याकडून पुन्हा अर्ज भरून घेतला. नवीन माणूस आलाय, कळंब्याकडचा, बरा आहे. त्यालाही पहिला महिना जळलेल्या तारा काढायला लावल्यात. तो चिंचोक्यांना हसला, मग आपोआप वापरायला लागला.

परवा सोमवार होता. शटर खाली, मी घरी, धुणं वाळत घातलेलं. चहा घेता घेता फोन काढला, सोमवारच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि 'हजर' दाबलं. हिरवी खूण आली. मालकांनी विचारलं, 'काय करतीयास?' म्हटलं, 'काही न्हाय, हजेरी.'

घड्याळात बघितलं तर अर्धं मिनिट लागलं होतं. सव्वीस सोमवारांची तेरा मिनिटं होतात. सहा महिन्यांत मला तिच्यासाठी एवढीच काढायची होती.